हवामानबदलाच्या बातम्या आणि हौदाचा हिशेब

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

हवामानबदलावरच्या बातम्यांत आणि लेखांत एक गफलत इतक्या वेळा होते की ती आता गफलत वाटेनाशी झाली आहे. 'उत्सर्जन घटले' असे वाचले की वाचक समजतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला. 'इतकी लाख झाडे लावली' असे वाचले की त्याला वाटते, तितका कोळसा जाळल्याचे पाप फिटले. आणि 'मिथेन २८ पट घातक' असे एका दिवशी व '८० पट घातक' असे दुसऱ्या दिवशी छापून आले की तो म्हणतो, यांचे यांच्यातच एकमत नाही. तिन्ही गैरसमजांचे मूळ एकच आहे. साठा आणि आवक यांत आपण फरक करत नाही, आणि अगदी वेगळ्या स्वभावाच्या वायूंचे जमाखर्च एकाच वहीत मांडतो.

भरत आलेला हौद डोळ्यांपुढे आणा. नळ मोठा आहे, तळाची मोरी अरुंद आहे. नळ थोडा आवळला तर पाणी सावकाश चढते, पण चढतेच. ते चढायचे थांबायला आवक मोरीतून जाणाऱ्या पाण्याइतकी खाली यावी लागते, आणि उतरायला त्याहून कमी व्हावी लागते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे नेमके हेच आहे. औद्योगिक काळाच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ची तिथली सरासरी ४२४च्या पुढे गेली.

आता थोडा गुणाकार. हवेत हा वायू एक दशलक्षांशाने (दहा लाखांत एका भागाने) वाढायला ७.८ अब्ज टन लागतो. इंधने जाळून आणि सिमेंट भाजून माणूस वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडतो. जंगलतोड वगैरे धरली तर आकडा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणजे पातळी दरवर्षी पाचेक दशलक्षांशांनी वाढायला हवी. प्रत्यक्षात ती गेल्या दशकात सरासरी अडीचच्या आसपास वाढली. उरलेला निम्मा भाग समुद्र, झाडोरा आणि माती यांनी गिळला. ही आपली मोरी.

२०२० साली जगभर टाळेबंदी झाली आणि इंधनांतून होणारे उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटले. तेव्हा 'पृथ्वीने श्वास घेतला' असे पुष्कळ लिहिले गेले. त्या वर्षी हवेतली पातळी मात्र नेहमीसारखीच अडीचेक दशलक्षांशांनी चढली. यात नवल काही नाही. ३७ अब्ज टनांचे ५ टक्के म्हणजे दोनेक अब्ज टन, म्हणजे पाव दशलक्षांश. त्यातला निम्मा तसाही समुद्रात आणि झाडांत गेला असता. उरली दशांशाची बाब. वनस्पती आणि समुद्र यांच्या वर्षावर्षाच्या चढउतारात ती दिसतही नाही.

मोरीबद्दलही एक गोष्ट कमी सांगितली जाते: ती फुकट नाही आणि तिची भरवसा देता येईल अशी हमीही नाही. समुद्रात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याला आम्लाकडे झुकवतो. पृष्ठभागाचा सामू (पीएच) औद्योगिक काळाआधी ८.२च्या आसपास होता, तो आता ८.१च्या खाली सरकतो आहे. फरक दिसायला एक दशांशाचा; पण हे मोजमाप लॉगरिदमचे (एका अंकाच्या फरकाला दहापट) असल्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आहे. शिंपले आणि प्रवाळ ज्या कार्बोनेटपासून कवच बांधतात ते त्यामुळे दुर्मीळ होते, आणि तेच कार्बोनेट पाण्याची वायू सामावून घेण्याची क्षमताही ठरवत असते. त्यात भर म्हणजे कोमट पाण्यात वायू कमी मावतो. सोड्याची गरम बाटली उघडणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाचवा हिस्सा, कदाचित त्याहून जास्त, हजार वर्षांनीही हवेतच असेल.

हा वायू आपलाच कशावरून, असा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून येतो आणि तो रास्त आहे. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षे असते. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात आणि तेलात त्यामुळे तो शिल्लकच नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४चे प्रमाण जुन्या इंधनाच्या धुराने पातळ होत असल्याचे १९५०च्या दशकातच मोजले गेले होते. कार्बन-१३ या किंचित जड कार्बनचे प्रमाणही घटते आहे, कारण वनस्पती आणि त्यांच्यापासून बनलेली इंधने यांत तो मुळातच कमी असतो. हवेतला ऑक्सिजनही किंचित उतरतो आहे. जळणाला तो लागतोच. वायू समुद्रातून उकळून आला असता तर ऑक्सिजन असा खर्ची पडला नसता. ज्वालामुखींचे म्हणाल तर त्यांचा वाटा मानवी उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. सूर्यावर बोट ठेवणाऱ्यांसाठी एक खूण पुरेशी आहे: सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. इथे खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खालीच अडकते तेव्हाच असे होते.

वायू उष्णता अडवतात हे काही कालपरवाचे ज्ञान नाही. युनिस फुट यांनी १८५६ साली काचेच्या नळ्यांत वायू भरून ते उन्हात ठेवले तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून अवरक्त किरणांचे शोषण मोजले. स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ साली हातानेच आकडेमोड करून वायू दुप्पट झाल्यास किती तापेल याचे उत्तर काढले. त्यांचे उत्तर आजच्यापेक्षा जास्त आले. आजचा अंदाज दुपटीला सुमारे ३ अंश सेल्सिअसचा आहे आणि बहुधा अडीच ते चार यांच्या दरम्यानचा.

'पाण्याची वाफ तर याहून मोठा हरितगृह वायू आहे' हा आक्षेपही खरा आहे, पण निष्कर्ष चुकतो. हवेतली वाफ नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. ती हवेत किती राहील हे हवेचे तापमान ठरवते: दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त. म्हणून ती तापमानवाढीची सुरुवात करू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडने सुरुवात केली की ती दामदुप्पट करते.

आता दुसरी वही. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो आणि मग ऑक्सिडीकरणाने संपतो. त्याचा हौद वेगळा आणि त्याची मोरी भलीमोठी. एक टन मिथेनने पुढच्या २० वर्षांत केलेली तापमानवाढ एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त भरते. तीच शंभर वर्षांच्या मुदतीवर मोजली तर २७ ते ३० पट, कारण मिथेन मधल्या काळात विरून जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मुदत सांगितली नाही तर दोन्ही निरर्थक. बातमीत 'पट' हा शब्द आला की 'किती वर्षांत' हेही छापावे, एवढी साधी विनंती आहे.

मुदतीपलीकडचा फरक त्याहून मोठा आहे. मिथेनचे उत्सर्जन वर्षानुवर्षे तेवढेच राहिले तर त्याची पातळी जवळपास स्थिर राहते आणि उत्सर्जन घटवले तर पातळी एक-दोन दशकांत खरोखर उतरते. कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन तेवढेच राहिले तर पातळी अखंड चढत राहते. त्यामुळे 'आम्ही मिथेन कमी केला, त्या बदल्यात तेवढा कोळसा जाळू' हा सौदा पहिली वीस वर्षे फायद्याचा दिसतो आणि नंतर कायमचा तोट्याचा ठरतो. दोन्ही कामे करायची आहेत. एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यावर चालत नाही.

मिथेनचे काम मात्र लवकर आणि स्वस्तात होण्याजोगे आहे, आणि ते बरेचसे नळजोडणीच्या पातळीचे आहे. तेल-वायूच्या क्षेत्रात गळती कुठून होते? कॉम्प्रेसरच्या दट्ट्याच्या पॅकिंगमधून, झिजलेल्या सीलमधून, टाक्यांच्या वरच्या झाकणांतून, आणि वायूच्याच दाबावर चालणाऱ्या नियंत्रक झडपांतून. या झडपा प्रत्येक उघडझापीला थोडा वायू बाहेर टाकतात. तो बिघाड नाही, त्यांची रचनाच तशी आहे. त्याजागी दाबलेल्या हवेच्या किंवा विजेच्या झडपा बसवल्या की प्रश्न मिटतो. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त कॅमेऱ्यात धुरासारखा दिसतो, म्हणून तो कॅमेरा घेऊन तपासणीची फेरी मारावी लागते, आणि तीही वर्षातून एकदा न मारता दर तिमाहीला. कारण मोजक्याच मोठ्या गळत्या बहुतेक वायू सोडत असतात आणि त्या मधूनच उद्भवतात. आणखी एक फसगत म्हणजे विझलेली मशाल. तेलविहिरीवर वायू जाळला तर एक किलो मिथेनचा पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे त्यातल्या त्यात बरे. पण वाऱ्याने ज्योत विझली आणि कुणी पाहिले नाही तर तोच वायू जसाच्या तसा हवेत जातो. नोंदवहीत 'जाळला' असेच लिहिलेले असते.

कचरा डेपोचे तसेच. ओला कचरा दाबून हवा तुटली की मिथेन बनतो, आणि भाजी-अन्नासारखा लवकर कुजणारा भाग आपला बराचसा वायू पहिल्या काही वर्षांतच सोडतो. वायू गोळा करणाऱ्या नळ्या मात्र ढीग पूर्ण भरून झाकल्यावर टाकल्या जातात. तोवर पुष्कळ निघून गेलेला असतो. म्हणून डेपोवर वायूप्रकल्प उभारण्यापेक्षा ओला कचरा तिथे जाऊच न देणे जास्त परिणामकारक. त्याचा बायोगॅस करायचा तर पाचक टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीचा खड्डाही झाकलेला हवा. अर्धवट पचलेली रबडी उघड्यावर साठवली तर ती तिथेही मिथेन सोडतच राहते. प्रकल्पाच्या अहवालात हा खड्डा सहसा नसतो.

भातखाचरात पाणी सतत उभे राहिले की मातीत प्राणवायू उरत नाही आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव माजतात. उपाय साधा आहे: भोके पाडलेली नळी खाचरात रोवायची, नळीतले पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी उभेच ठेवायचे, नाहीतर पोकळ दाणे वाढतात. यात मिथेन साधारण ३० ते ५० टक्क्यांनी घटतो. पण नत्रखत जास्त टाकले असेल आणि माती आलटून पालटून ओली-कोरडी होत असेल तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. म्हणून पाणी आणि खत यांचा विचार एकत्र हवा.

हा नायट्रस ऑक्साइड फार दुर्लक्षित राहिला आहे. तो शंभराहून अधिक वर्षे टिकतो आणि शंभर वर्षांच्या मुदतीवर २७३ पट उष्णता अडवतो. ढोबळ नियम असा की शेतात टाकलेल्या नत्राचा एक टक्का या रूपात उडून जातो. १०० किलो नत्र टाकले तर १ किलो नत्र उडाले; ऑक्सिजनसह त्याचे वजन १.५७ किलो, गुणिले २७३, म्हणजे सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या भागात ही टक्केवारी वाढते, कारण मुळांनी न उचललेले नत्र सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडते. तेव्हा एकदम एकाच हप्त्यात खत देण्याऐवजी ते विभागून देणे हा उत्पन्न न घटवणारा उपाय आहे.

शीतकरणाचे वायू हा आणखी एक कोपरा. वातानुकूलन यंत्रांत भरल्या जाणाऱ्या आर-४१० ए या वायूचा एक किलो म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने जवळपास २.१ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्याइतके. (वायूंचे हिशेब वेगळे ठेवा म्हणून आम्हीच ओरडतो आणि आम्हीच रूपांतरे करतो, हे मान्य; मुदत सांगितली आहे एवढेच समाधान.) 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे वाक्य आपण सहज बोलतो. वातानुकूलन यंत्रातला वायू वापरून संपत नसतो. तो कमी झाला म्हणजे गळला. गळती शोधून सांधा पुन्हा डाखला नाही आणि नुसताच वायू भरला तर पुढल्या वर्षी तो पुन्हा हवेत. यंत्र मोडीत काढताना नळी कापून वायू सोडून देणे ही त्याहून मोठी चूक. तो आधी बाटलीत ओढून घ्यायला हवा. ओझोनविषयक मॉन्ट्रियल कराराला २०१६ साली केलेल्या किगाली दुरुस्तीने या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचे जगाने ठरवले आहे. पर्यायांपैकी आर-३२ हा वायू आर-४१० एच्या एक तृतीयांशावर येतो, प्रोपेन जवळपास शून्यावर. पण प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने त्याचे भरण मर्यादित ठेवावे लागते आणि कारागिराला वेगळे प्रशिक्षण लागते.

पुन्हा मुख्य वहीकडे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो २.३ किलो. हे वाचून बरेच जण आकडा चुकला म्हणतात. चुकलेला नाही. जळताना कार्बनच्या प्रत्येक १२ भागांना हवेतल्या ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात, म्हणून एक किलो कार्बनचा ३.६७ किलो वायू होतो. हाच ३.६७चा गुणक झाडांना लावा. वाळलेल्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते. वाळल्यावर २०० किलो भरेल एवढे झाड म्हणजे १०० किलो कार्बन, म्हणजे ३६७ किलो कार्बन डायऑक्साइड. एवढे झाड व्हायला बहुधा दोन-तीन दशके लागतात. तेवढा वायू १६० लिटर पेट्रोल जाळून काही आठवड्यांत हवेत जातो.

झाडे लावू नयेत असे कोण म्हणेल? सावली, पाणी, माती, पाखरे, प्रत्येक कारण पुरेसे आहे. पण जमिनीखाली कोट्यवधी वर्षे सुरक्षित पडलेला कार्बन बाहेर काढून तो वणवा, कीड, दुष्काळ आणि कुऱ्हाड यांच्या ताब्यातल्या झाडांत ठेवणे म्हणजे फेड नव्हे. शिवाय जागा चुकते. मूळच्या गवताळ प्रदेशात झाडे लावली तर मातीत साठलेला कार्बन खड्डे खणताना सुटतो आणि तिथले जीवनही जाते. उत्तरेकडच्या बर्फाळ भागात गर्द सूचिपर्णी वन वाढवले तर पांढरा बर्फ झाकला जातो आणि जमीन जास्त ऊन शोषते. कार्बनचा फायदा त्यात बुडू शकतो. 'लावली' आणि 'जगली' या दोन आकड्यांतले अंतर तर विचारूच नये. बातमीत पाच वर्षांनंतरचा आकडा द्यावा.

उभे जंगल आणि पीटच्या दलदली राखणे हे नव्या लागवडीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. पीट म्हणजे पाण्याखाली कुजता कुजता थांबलेला पालापाचोळा. पृथ्वीच्या जमिनीचा सुमारे ३ टक्के भाग या दलदलींनी व्यापला आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन त्यांत आहे. शेतीसाठी चर खणून त्या कोरड्या केल्या की हवा लागून कुजणे पुन्हा सुरू होते आणि दशकानुदशके चालते. उपाय म्हणजे चर बुजवणे आणि पाण्याची पातळी पृष्ठभागाजवळ आणणे. सुरुवातीला मिथेन थोडा वाढतो; त्याला घाबरून काम थांबवायचे नसते.

विजेच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे: आधी वीज स्वच्छ करायची आणि त्याबरोबर जे जे जळते ते विजेवर आणायचे. कोळशाची वीज युनिटमागे ०.९ ते १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. विजेची मोटार किलोमीटरला ०.१५ युनिट खाते असे धरले, तर निव्वळ कोळशाच्या विजेवर ती किलोमीटरला १५० ग्रॅमच्या आसपास जाते. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची मोटारही तेवढ्यावरच असते. तीच विजेची मोटार युनिटमागे ०.४ किलो सोडणाऱ्या वीजजाळ्यावर ६० ग्रॅमवर येते आणि जाळे सुधारेल तशी आणखी उतरते. पेट्रोलची मोटार मोडीत निघेपर्यंत तिथेच राहते. विजेच्या मोटारीला भंपक ठरवणारे आणि तिला रामबाण ठरवणारे, दोघेही जाळ्याचा आकडा सांगत नाहीत. बॅटरी बनवताना झालेले उत्सर्जन यात वेगळे मिळवावे लागते.

तसाच घोळ 'हजार मेगावॉटचा सौर प्रकल्प' या मथळ्यात होतो. मेगावॉट ही क्षमता झाली. सौर पटल वर्षभरात आपल्या क्षमतेच्या १५ ते २५ टक्केच वीज देते, कारण रात्र असते, ढग असतात, धूळ असते. वर्षाला किती युनिट मिळणार हे छापले तर कोळशाच्या केंद्राशी तुलना प्रामाणिक होईल. आणि सूर्यास्तानंतर मागणी चढते तेव्हाचे काय, हा प्रश्न बॅटऱ्या, उपसा-साठवण जलविद्युत (पाणी वर उपसून ठेवून नंतर त्यावर काढलेली वीज) आणि दुपारकडे सरकवलेली मागणी यांनी सोडवायचा आहे.

सिमेंटचे दुखणे इंधन बदलून पुरते जात नाही. चुनखडी भाजली की ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते: एक टन क्लिंकरमागे (क्लिंकर म्हणजे भट्टीतून निघालेले, दळण्याआधीचे सिमेंटचे खडे) अर्ध्या टनाहून थोडा जास्त, भट्टी कशावरही चालवा. म्हणून क्लिंकरच कमी करावे लागते. राख, लोखंडाच्या भट्टीची मळी, किंवा भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळून ते निम्म्यावर आणता येते. चिकणमाती भाजायला ७००-८०० अंश पुरतात, क्लिंकरला १,४५० लागतात. अडचण येते ती बांधकामाच्या जागी. अशा सिमेंटची ताकद बहुधा सावकाश चढते. ठेकेदार जुन्या सवयीने साचा लवकर काढतो, पाणी मारणे लवकर थांबवतो, आणि तडे गेले की दोष सिमेंटला देतो.

तापमानवाढ आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात चालते. दर हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश, अनिश्चितता धरून ०.२७ ते ०.६३. आजच्या वेगाने एका वर्षाचे उत्सर्जन म्हणजे जवळपास ०.०२ अंश. उत्सर्जन निव्वळ शून्यावर आले (जेवढे सोडले तेवढेच काढून घेतले) की तापमान साधारण तिथेच थांबते. खाली उतरत नाही. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ हे वर्ष १८५०-१९००च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते. पॅरिस कराराची १.५ अंशांची मर्यादा एका वर्षाच्या नव्हे तर दीर्घ सरासरीच्या संदर्भात वाचायची असते, तेव्हा 'करार मोडला' हा मथळा घाईचा. पण त्यात समाधान मानण्याजोगेही काही नाही. कोळशाच्या धुरातले गंधकाचे कण ऊन परतवून थोडी वाढ झाकत आले आहेत. कोळसा बंद झाला की हे कण काही दिवस-आठवड्यांतच पावसाने धुऊन जातात आणि झाकलेली वाढ उघडी पडते. कोळशाबरोबरच मिथेनला हात घालायचा तो यासाठी.

परिणामांच्या बातम्यांबद्दल दोन-तीनच गोष्टी. 'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे शंभर वर्षांनी एकदा येणारा असे नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला. तीस वर्षे राहणाऱ्या घराला तो गाठण्याची शक्यता २६ टक्के होते. तीही जुन्या पावसाच्या नोंदींवर. हवा दर अंशाला ७ टक्के जास्त वाफ धरत असताना जुन्या नोंदींवर बेतलेली गटारे आणि मोऱ्या तुंबणारच. पन्नास वर्षांत एकदा येई अशी उष्णतेची लाट एका अंशाच्या वाढीला सुमारे ४.८ पट वारंवार झाली आणि दोन अंशांना ती १४ पटींच्या जवळ जाईल, असे आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचा (आयपीसीसी) २०२१चा अहवाल सांगतो.

उष्णतेचे आकडे आर्द्रतेशिवाय छापू नयेत. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याने झाकलेला तापमापक साधारण २३ दाखवतो. ३४ अंश आणि ८० टक्क्यांना तो ३१ दाखवतो. दुसरी हवा ऐकायला सौम्य आणि अंगाला घातक, कारण घाम वाळतच नाही. रात्रीचे किमान तापमानही द्यावे. शरीर रात्री सावरते, आणि रात्र थंड झाली नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे दगावू लागतात. कोरडी हवा ४० अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा शरीर आणखी तापवतो. अंग ओले करूनच तो लावावा.

समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात २० सेंटिमीटरने चढली आणि तिचा वेग आता वर्षाला ३.७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे. तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ आणि तापून फुगलेले पाणी ती वाढवतात. मात्र भूजल उपसल्याने किनाऱ्यावरची जमीन खचत असेल तर ती काही ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरांत खचते. तिथे उपसा थांबवणे हा सर्वांत जलद उपाय असतो आणि तो स्थानिक प्रशासनाच्या हातात असतो.

राहिला प्रश्न दाव्यांचा. एखाद्या संस्थेने 'उत्सर्जन २० टक्के घटवले' असे कळवले तर वार्ताहराने एवढे विचारावे: एकूण घटले की नगामागे? नगामागे घटून नग दुप्पट झाले असतील तर हौदात जास्तच पडले. कोणत्या वर्षाच्या तुलनेत? नेमके तेजीचे वर्ष पायाला घेतले की घट आपोआप दिसते. विकलेला माल जळतो तेव्हाचे उत्सर्जन धरले आहे का? तेल विकणाऱ्याने फक्त आपल्या कार्यालयाचे दिवे मोजले तर तो हिशेब कुणाच्या कामाचा? आणि घट स्वतः केली की दुसरीकडच्या घटीची पावती (कार्बन क्रेडिट) विकत घेतली? पावती जंगल राखल्याची असेल तर ते जंगल पैसे मिळाले नसते तर खरोखर तुटणार होते का, तिथली तोड शेजारच्या डोंगरावर तर सरकली नाही ना, आणि तीच घट दुसऱ्या देशाने आपल्या खात्यावर लावली आहे का, हेही विचारावे.

शेवटची सूचना आपल्या हवामानाच्या चौकटीसाठी. कमाल-किमान तापमानाशेजारी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आठवड्याचा आकडा छापावा; मौना लोआची नोंद सर्वांना खुली आहे. तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करावी, मागच्या महिन्याशी नाही. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात (तिकडे जून ते ऑगस्ट) पालवतात आणि हिवाळ्यात पाने गाळतात, त्यामुळे तिथली पातळी मे महिन्यात शिखराला असते आणि सप्टेंबरच्या सुमारास सहा-सात दशलक्षांशांनी खाली येते. हे लक्षात ठेवले नाही तर दर पावसाळ्यात आपल्याला 'कार्बन घटला' अशी बातमी द्यावी लागेल आणि दर दिवाळीनंतर ती मागे घ्यावी लागेल.

आपले,
हवामानविषयाचे काही अभ्यासक वाचक